बोलण्याची पाळी कुणाची? नेटवर्कमधले प्राधान्य समजून घेताना



आजचा पाठ संगणक विषयाचा आहे, पण सुरुवात मी माझ्याच एका चुकीपासून करणार आहे.

ऑनलाइन वर्ग चालू होते त्या काळातली गोष्ट. आठवीच्या तोंडी परीक्षेत एक मुलगी प्रत्येक उत्तराला अडखळत होती. अर्धे वाक्य ऐकू यायचे, मग शांतता, मग एकदम तीन-चार शब्द एकमेकांवर आदळायचे. मला वाटले, हिची तयारी झालेली नाही, नेटचे निमित्त करते आहे. मी १० पैकी ४ गुण दिले आणि पुढच्या मुलाला बोलावले.

दोन दिवसांनी तिच्या आईचा फोन आला. "मॅडम, आम्ही मागच्याच महिन्यात दुप्पट वेगाचा प्लॅन घेतलाय हो. तरी हिचा आवाज तुटतोच. मोठ्याचा गेम मात्र झरझर उतरतो. असं कसं?"

खरे सांगते, मी गप्प झाले. कारण या प्रश्नाचे उत्तर मी अकरावी-बारावीच्या मुलांना दरवर्षी फळ्यावर लिहून देत होते. 'मीडियम अ‍ॅक्सेस कंट्रोल', म्हणजे माध्यम वापरण्याची पाळी ठरवण्याची पद्धत. व्याख्या पाठ, आकृती पाठ. पण तीच गोष्ट एका मुलीच्या घरात घडत असताना मला ओळखता आली नाही. म्हणून हा पाठ या वेळी जरा वेगळ्या वाटेने घेऊ या.

रस्ता एक, बोलणारे अनेक

घरातले वाय-फाय म्हणजे काय? राउटर, दोन-तीन फोन, एक लॅपटॉप, कदाचित टीव्ही. हे सगळे एकाच हवेतून, एकाच चॅनेलवर बोलतात. शेजारच्या घराचा राउटर त्याच चॅनेलवर असेल तर तोही त्याच रांगेत. एका वेळी एकानेच बोलायचे. दोघे एकदम बोलले की दोघांचेही बोलणे बहुधा वाया जाते. याला टक्कर म्हणतात.

आता वर्गात बाई असतात, त्या बोट दाखवून "तू बोल" म्हणतात. इथे तशा बाई नाहीत. राउटर असतो, पण नेहमीच्या पद्धतीत तोसुद्धा इतरांसारखाच पाळीची वाट बघतो. मग पाळी ठरवायची कुणी? उत्तर असे, की सर्वांनी मिळून एक नियम पाळायचा. तो नियम प्रत्येक यंत्राच्या आत आधीच लिहिलेला असतो.

सुरुवातीचे नियम फार साधे होते. हवाई विद्यापीठात नॉर्मन अब्रामसन यांच्या गटाने १९७१ साली 'अलोहा' हे रेडिओ जाळे सुरू केले. नियम असा: बोलायचे असेल तेव्हा बोला, टक्कर झाली तर थोडे थांबून पुन्हा बोला. ऐकायला छान, पण गर्दी वाढली की या पद्धतीत जास्तीत जास्त १८ टक्के वेळच कामी येतो, बाकीचा वेळ टकरीत किंवा रिकामा जातो. पुढे १९७३ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी 'इथरनेट'ची कल्पना मांडली. त्यात शहाणपणा वाढला: आधी ऐका, कुणी बोलत नसेल तरच बोला, बोलतानाही ऐकत राहा, टक्कर झाली तर लगेच थांबा आणि चिठ्ठी काढल्यासारखा एक आकडा काढून तेवढा वेळ वाट पाहा. पुन्हा टक्कर झाली तर आकड्यांची मर्यादा दुप्पट.

हा नियम अगदी समान न्यायाचा आहे. पण बघा, अडचणही तिथेच आहे. आवाजाचे पाकीट आणि गेमचे पाकीट दोघांना एकच न्याय. गेमचे पाकीट अर्धा सेकंद उशिरा आले तर कुणाला कळणारही नाही. आवाजाचे पाकीट अर्धा सेकंद उशिरा आले तर ते फेकूनच द्यावे लागते, कारण तोवर बोलणे पुढे गेलेले असते. फोनवरच्या संभाषणासाठी एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. म्हणजे इथे प्रश्न नुसत्या वेगाचा नाही, वेळेवर पाळी मिळण्याचा आहे. त्या माऊलीने प्लॅन दुप्पट घेतला, पण पाळीचा नियम होता तोच राहिला.

प्राधान्य कुणाला? माणसाला नव्हे, निरोपाला

'प्राधान्य' हा शब्द उच्चारला की मुले लगेच म्हणतात, "म्हणजे व्हीआयपी ना, टीचर?" हा गैरसमज पहिल्याच तासाला काढून टाकायला हवा. नेटवर्कमधले चांगले प्राधान्य हे यंत्र कुणाचे आहे यावर नसते, निरोप किती तातडीचा आहे यावर असते. त्याच फोनवरून बोलणे चालू असेल तर ती पाकिटे तातडीची. त्याच फोनवरून फोटो चढत असतील तर ती पाकिटे साधी. दवाखान्यात नंबर लावून बसलेले लोकही रक्ताने माखलेल्या अनोळखी मुलाला आधी आत जाऊ देतात, तसेच हे.

आता ही कल्पना तीन वेगवेगळ्या जाळ्यांनी कशी राबवली ते पाहू.

पहिली पद्धत: टोकन रिंग

या पद्धतीत सगळे संगणक एका वर्तुळात जोडलेले असतात आणि त्यांच्यातून एक छोटा संदेश फिरत असतो. त्याला टोकन म्हणतात. टोकन ज्याच्या हाती, त्यानेच बोलायचे. आयबीएमने १९८५ मध्ये ही जाळी बाजारात आणली; आधी ४ आणि नंतर १६ एमबीपीएस वेगाची. ८०२.५ हे तिचे मानक.

यात टोकनवर ३ बिट प्राधान्यासाठी आणि ३ बिट आरक्षणासाठी असतात. ३ बिट म्हणजे ० ते ७ असे ८ स्तर. एखाद्याचा निरोप तातडीचा असेल तर तो मध्येच ओरडत नाही. दुसऱ्याचा निरोप त्याच्याजवळून जात असताना त्यावरच्या आरक्षणाच्या जागी तो आपला स्तर लिहून ठेवतो, अर्थात तिथे आधीच त्याहून वरचा स्तर लिहिलेला नसेल तर. बोलणाऱ्याचे काम संपले की तो टोकन त्या वरच्या स्तराचे करून सोडतो. मग तेवढ्या किंवा त्याहून वरच्या स्तराचा निरोप असणाराच ते घेऊ शकतो.

आणि पुढचा नियम मला सगळ्यांत जास्त आवडतो. ज्याने टोकनचा स्तर वर नेला, त्यानेच तो काम झाल्यावर पुन्हा खाली आणायचा. आधीचा स्तर कोणता होता हे त्याने लक्षात ठेवायचे. नाहीतर काय होईल? एकदा वर गेलेले टोकन वरच राहील आणि साध्या निरोपांना पाळीच मिळणार नाही. तातडी संपली की रस्ता मोकळा करून देणे ही जबाबदारीही तातडी मागणाऱ्याचीच!

दुसरी पद्धत: गाडीतले जाळे

आपल्या मोटारगाडीतही छोटे स्थानिक जाळे असते. इंजिन, ब्रेक, दिवे, खिडक्या यांचे नियंत्रण करणारे लहान लहान संगणक एकाच तारांच्या जोडीवर बोलतात. बॉश या जर्मन कंपनीने 'कॅन' नावाची ही पद्धत १९८६ साली अमेरिकेत डेट्रॉइटच्या परिषदेत जगापुढे मांडली. इथे प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला त्याचा क्रमांक असतो. मूळ पद्धतीत तो ११ बिटांचा. क्रमांक जितका लहान, तितके प्राधान्य मोठे.

गंमत अशी, की दोघे-तिघे एकदम बोलायला लागले तरी इथे निरोप फुकट जात नाही. तारेवर ० हा १ ला दाबून टाकतो. कुणी एकानेही ० पाठवला की सगळ्यांना ० च दिसतो. आपण १ पाठवला आणि तारेवर ० दिसला, तर समजायचे की आपल्याहून तातडीचा कुणी बोलतो आहे, आणि गप्प बसायचे.

हे वर्गात करून बघा. तीन मुले उभी करा आणि प्रत्येकाला चार बिटांचे कार्ड द्या. क्रमांक मी उदाहरणापुरते घेतले आहेत.

ब्रेक: ००१०
इंजिन: ००११
खिडकी: १००१

नियम: बाई "एक" म्हणाल्या की पहिला बिट, "दोन" म्हणाल्या की दुसरा. बिट ० असेल तर टाळी वाजवायची, १ असेल तर शांत राहायचे. आपण शांत आहोत आणि टाळी ऐकू आली, तर खाली बसायचे.

"एक." ब्रेक आणि इंजिन टाळी वाजवतात, खिडकी शांत. खिडकी खाली बसते. "दोन." दोघांचीही टाळी. "तीन." दोघेही शांत, कुणीच बसत नाही. "चार." ब्रेकची टाळी, इंजिन शांत. इंजिन बसते. उरला ब्रेक, आणि तो आपला पुढचा निरोप न थांबता सांगतो. कुणी निवडले त्याला? कुणीच नाही. भांडण झाले? नाही. वेळ वाया गेला? तोही नाही, कारण ब्रेकचा क्रमांक पाठवून झालाच आहे. खिडकी आणि इंजिन नंतर पुन्हा प्रयत्न करतील.

मुले हमखास विचारतात, "मग वाय-फायमध्ये हेच का नाही वापरत?" प्रश्नाचे कौतुक करा आणि उत्तर द्या. या पद्धतीत प्रत्येक बिट संपायच्या आत तो तारेच्या दोन्ही टोकांना पोचायला हवा. त्यामुळे १ एमबीपीएस वेगाला तारेची लांबी साधारण ४० मीटरपर्यंतच ठेवता येते. आणि हवेत तर बोलणाऱ्याचा स्वतःचाच आवाज इतका मोठा असतो की त्याच वेळी दुसऱ्याचे क्षीण बोलणे त्याला ऐकू येत नाही. तिथे टाळीचा खेळ चालत नाही. तिथे लागते वाट पाहण्याची शिस्त.

तिसरी पद्धत: आपले घरचे वाय-फाय

वाय-फायचे पहिले मानक, ८०२.११, १९९७ चे. २००५ साली त्यात ८०२.११ई ही भर पडली आणि पाकिटांचे चार वर्ग झाले: आवाज, व्हिडिओ, साधे काम आणि मागे चालणारे काम. नियमाचे मर्म एका वाक्यात सांगता येते: ज्याची तातडी जास्त, त्याने वाट कमी पाहायची.

हवा शांत झाली की प्रत्येकाने आधी ठरावीक ठोके थांबायचे, मग चिठ्ठीत आलेल्या आकड्याइतके आणखी ठोके. फोन-लॅपटॉपसाठी नेहमीचे आकडे असे आहेत:

आवाज: आधी २ ठोके, चिठ्ठी ० ते ३
व्हिडिओ: आधी २ ठोके, चिठ्ठी ० ते ७
साधे काम: आधी ३ ठोके, चिठ्ठी ० ते १५
मागे चालणारे काम: आधी ७ ठोके, चिठ्ठी ० ते १५

५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायमध्ये एक ठोका ९ मायक्रोसेकंदांचा असतो आणि ठोके मोजण्याआधी सर्वांनी १६ मायक्रोसेकंद थांबायचे असते. या १६ मायक्रोसेकंदांनंतर लगेच बोलायची मुभा कुणाला, माहीत आहे? 'तुझे पाकीट मिळाले' ही पोच देणाऱ्याला. आवाजाच्याही आधी पोच! कारण पोच मिळाली नाही तर पाठवणारा तेच पाकीट पुन्हा पाठवत बसेल.

हाही खेळ वर्गात होतो. चार गट करा, चिठ्ठ्या काढा, टेबलावर ठोके द्या. ज्याचे ठोके आधी संपतात त्याने हात वर करून एक वाक्य बोलायचे. आवाजाचा गट २ ते ५ ठोक्यांत बोलतो. साध्या कामाला ३ ते १८ लागतात, मागे चालणाऱ्या कामाला ७ ते २२. मुलांना वहीत हे आकडे स्वतः काढू द्या, साधी बेरीज आहे.

इथे एक बारकावा सांगायला विसरू नका. दुसरा कुणी आधी बोलला, तर हरलेल्याची चिठ्ठी रद्द होत नाही. त्याचे ६ ठोके उरले असतील तर ते ६ तसेच राहतात. हवा पुन्हा शांत झाली की आपल्या वर्गाचे सुरुवातीचे ठोके थांबून तो त्या ६ पासूनच पुढे मोजतो. म्हणजे पाहिलेली वाट फुकट जात नाही.

प्राधान्याची किंमत

पण म्हणून प्राधान्य म्हणजे जादू नव्हे. त्याने हवेत एका क्षणाचीही भर पडत नाही. आहे तोच वेळ वेगळ्या क्रमाने वाटला जातो. एकाला आधी दिले की दुसऱ्याला नंतर मिळणारच.

आवाजाच्या गटाला सतत काहीतरी बोलायला द्या, मग बघा काय होते. मागे चालणाऱ्या कामाचे पहिले ७ ठोके पूर्ण व्हायच्या आतच दर वेळी आवाज मध्ये येतो. त्या गटातली मुले चिठ्ठी हातात धरून बसून राहतात. याला उपासमार असेच म्हणतात. प्रत्यक्षात हे सहसा घडत नाही, कारण खरा आवाज फार थोडी जागा घेतो: साधारण दर २० मिलिसेकंदांना एक छोटे पाकीट. तातडीच्या निरोपाने आटोपशीर असावे, हे त्यामागचे गृहीत आहे. गाडीच्या जाळ्यातही लहान क्रमांकाचे निरोप सारखे येत राहिले तर मोठ्या क्रमांकाच्या निरोपांना पाळी मिळत नाही. म्हणून कोणता निरोप किती वेळाने पाठवायचा याचा हिशोब आधीच करून ठेवतात.

दुसरा धोका सर्वांनीच स्वतःला तातडीचे म्हणवून घेण्याचा. आवाजाच्या वर्गात चिठ्ठ्या चारच: ०, १, २, ३. पाच जण त्या वर्गात आले तर कुठेतरी दोघांचा आकडा सारखा येणारच. तो सर्वांत लहान असेल तर थेट टक्कर. सगळेच तातडीचे झाले की तातडी उरतच नाही.

घरी काय करता येईल?

पालकहो, आता तुमच्यासाठी.

एक, राउटरच्या सेटिंगमध्ये 'डब्ल्यूएमएम' नावाचा पर्याय असतो. वर सांगितलेले चार वर्ग चालू ठेवणारा तोच. काहीजण "वेग वाढेल" म्हणून तो बंद करतात. तो सुरूच असू द्या. बंद केला तर प्राधान्य जातेच, शिवाय ८०२.११एन आणि त्यानंतरच्या वाय-फायचा वेगही बरेचदा जुन्या ५४ एमबीपीएसपर्यंत खाली येतो.

दोन, वर्ग नेमून देण्यासाठी पाकिटावर तशी खूण असावी लागते. प्रत्येक अ‍ॅप ती करतेच असे नाही. म्हणून नुसत्या सेटिंगवर विसंबू नका. तास किंवा परीक्षा चालू असेल तेव्हा मोठे डाउनलोड आणि व्हिडिओ चढवणे थांबवा. हे प्राधान्य माणसांनीच द्यायचे आहे.

तीन, टीव्ही किंवा लॅपटॉपसारखी एका जागी राहणारी यंत्रे शक्य असेल तर तारेने जोडा. आजच्या तारेच्या जाळ्यात स्विचमुळे प्रत्येकाला स्वतंत्र वाट मिळते, आणि हवेतली गर्दी तेवढी कमी होते.

चार, मुलाला राउटरच्या जवळ बसवा. दूरच्या यंत्राला तेच बोलणे हळूहळू बोलावे लागते. त्यात त्याचा वेळ जातो आणि सगळ्या घराचाही.

त्या मुलीच्या घरी आम्ही फोनवरूनच हे एकेक पाहिले. डब्ल्यूएमएम बंद होते, ते सुरू केले. भावाचा लॅपटॉप तारेवर घेतला. लग्नाचे व्हिडिओ चढवायचे काम आईने रात्रीवर ढकलले. दुसऱ्या दिवशी मी तिची तोंडी परीक्षा पुन्हा घेतली. आवाज स्वच्छ येत होता. तिला १० पैकी ९ मिळाले. एक गुण खरोखरच चुकलेल्या उत्तराचा गेला, आणि तो गेला याचा तिला राग नव्हता.

पण मला मात्र त्या ४ गुणांची आजही आठवण येते. मुलगी बोलत होती, तिला पाळी मिळत नव्हती, आणि मी समजले की तिच्याकडे सांगण्यासारखे काही नाही. वर्गातही असे होते ना? पहिल्या बाकावरचा हात दर वेळी आधी वर येतो, आणि मागच्या बाकावर कुणीतरी चिठ्ठी हातात धरून बसलेले असते. तेव्हापासून मी प्रश्न विचारला की मनातल्या मनात सात ठोके मोजते आणि मगच नाव घेते.

मुलांसाठी स्वाध्याय

१. ०१०१, ०१००, ०११० हे तीन क्रमांक एकदम बोलू लागले तर टाळीच्या खेळात कोण कितव्या बिटाला बसेल?
२. व्हिडिओच्या वर्गाला कमीत कमी आणि जास्तीत जास्त किती ठोके लागतील?
३. टोकनचा वाढवलेला स्तर कुणीच खाली आणला नाही तर काय होईल? तीन वाक्यांत लिहा.
४. तुमच्या घरात संध्याकाळी सात वाजता वाय-फायवर कोणकोणती कामे चालतात? त्यांचे चार वर्गांत वाटप करा आणि ते घरच्यांना पटते का, ते विचारून लिहा.

चौथा प्रश्न घरच्यांनी मिळून सोडवावा, ही पालकांना खास विनंती. वर्गात खेळ घेतलात तर मुलांनी काय काय विचारले ते जरूर कळवा.